सोमवार, बुधवार, शुक्रवार

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला एका पोराचा फोन आला, आमच्याच भागातला, पुण्यात असतो, माझा नंबर त्याला कुणी दिला ते मी विचारलं नाही. एचआयव्ही आहे, आता टीबी निघालाय, आणि हॉस्पिटलमध्ये सांगितलंय की टीबीच्या औषधांचा एक अभ्यास चाललाय, त्यात येणार का. त्याचा प्रश्न एकच होता, काका, सही करू का? म्हणजे आपल्यावर प्रयोग करणार का हे लोक? मी त्याला हो पण म्हणालो नाही आणि नाही पण म्हणालो नाही, माझ्याबाबतीत काय झालं ते सांगत बसलो, एक वाजला. तेच इथं लिहितोय, नाव आणि गाव सोडून, कारण आमच्या भागात सगळे सगळ्यांना ओळखतात.

मी गलाई कामगार. विटा, खानापूर, आटपाडी या बाजूच्या माणसाला गलाई म्हणजे काय ते सांगायला लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगतो. सोनाराच्या दुकानातला केर, घासकामाची धूळ, जुने मोडीचे दागिने हे सगळं भट्टीत घालून गाळायचं, तेजाबात टाकून चांदी-तांबं वेगळं करायचं आणि शुद्ध सोनं काढून द्यायचं हा आमचा धंदा. दुष्काळी भाग, शेतीत काही नाही, म्हणून आमच्याकडची पोरं या कामासाठी देशभर गेली, केरळात, बंगालात, आंध्रात, पंजाबात, कुठल्याही गावच्या सराफ कट्ट्यावर जा, सांगलीकडचा माणूस भेटतोच. मी सतराव्या वर्षी मदुराईला गेलो, आईच्या चुलतभावाच्या दुकानात. मीनाक्षी मंदिराच्या भोवती चौकोनी रस्ते आहेत, त्यातल्या ज्या रस्त्यावर सगळी सोन्याची दुकानं आहेत त्याच्या मागच्या बोळात आमची भट्टी, वरच्या खोलीत आम्ही सहाजण राहायचो. तिथले लोक आम्हाला सेट्टू म्हणतात, म्हणजे शेठ, मालक असो की कामगार.

२०११ च्या दिवाळीला खोकला सुरू झाला. भट्टीवरच्या माणसाला खोकला म्हणजे काही विशेष नाही, तेजाबाचा पिवळा धूर निघतो तो रोज नाकात जातो, सगळेच खोकतात. म्हणून मीही तीन महिने गूळ-हळद आणि मेडिकलमधलं औषध यावर काढले. एका खाजगी डॉक्टरकडं चारवेळा गेलो, त्यांनी दरवेळी कफाचं औषध आणि पाच दिवसांचं अँटिबायोटिक दिलं, एकदाही थुंकी तपासायला सांगितली नाही. मला याचा आजही राग येतो. वजन ५७ वरून ४४ वर आलं, रात्री अंथरूण ओलं व्हायचं इतका घाम, आणि फेब्रुवारीत एका सकाळी भट्टीतली मूस चिमट्यानं उचलताना हात एवढा थरथरला की मामांनीच ती माझ्या हातातून काढून घेतली आणि म्हणाले, आजच्या आज मोठ्या दवाखान्यात जायचं.

थुंकीत टीबी निघाला. टीबी निघाला की एचआयव्हीची तपासणी करतातच, ती पण पॉझिटिव्ह. सीडी फोर ९२. ज्या पेशी शरीराची राखण करतात त्यांची ही मोजणी, निरोगी माणसात पाचशेच्या वर असते, दोनशेच्या खाली गेली की एड्स म्हणतात, आणि एचआयव्ही असलेल्या माणसाला टीबी झाला की डॉक्टरांच्या भाषेत हा संधिसाधू संसर्ग, म्हणजे राखणदार झोपलाय बघून घरात शिरलेला. हे काउन्सेलर बाईंनी सांगितलं. त्यांनी हेही सांगितलं की आपल्या देशात एचआयव्हीवाल्यांना सगळ्यात जास्त मारतो तो टीबीच, आणि टीबी पूर्ण बरा होतो. मी त्यातलं दुसरं वाक्य धरून ठेवलं.

तिथंच मला विचारलं की एक अभ्यास चालू आहे. चेन्नईची टीबी संशोधनाची सरकारी संस्था आहे, पूर्वी ट्युबरक्युलोसिस रिसर्च सेंटर म्हणायचे, आता राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था, त्यांचा. चेन्नई, मदुराई आणि वेल्लोर इथं २००९ पासून चालला होता. नवीन औषध कुठलंच नव्हतं, हे आधी नीट समजून घ्या कारण ट्रायल म्हटलं की लोकांना वाटतं कसलंतरी अनोळखी इंजेक्शन टोचणार. औषधं तीच चार, आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, इथाम्ब्युटॉल. प्रश्न फक्त एवढा होता की ती रोज द्यायची का आठवड्यातून तीनदा.

डॉक्टर वयस्कर होते, इंग्रजी-तमिळ मिसळून बोलायचे, पण घाई कधी केली नाही. त्यांनी मला अख्खा इतिहास सांगितला. १९५६ साली मद्रासमध्ये हे केंद्र सुरू झालं तेव्हा जगात टीबीच्या माणसाला सॅनेटोरियममध्ये, म्हणजे टीबीच्या खास दवाखान्यात, ठेवायची पद्धत होती, आमच्या मिरजेजवळ वानलेसवाडीला होतं तसं. मद्रासला त्यांनी अर्ध्या लोकांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं आणि अर्ध्यांना घरीच, झोपडपट्टीत, गर्दीत, साधं जेवण खात गोळ्या दिल्या, आणि दोन्हीकडं माणसं सारखीच बरी झाली. तिथून जगभर टीबीचा उपचार घरी व्हायला लागला. मग पुढं त्याच मद्रासमध्ये बघितलं की गोळ्या रोज न देता आठवड्यातून दोनतीनदा समोर बसवून दिल्या तर चालतं का, तर चालतं. त्यावरून १९९७ पासून देशाच्या टीबी कार्यक्रमात डॉट्स आलं, दिवसाआड, समोर बसून गिळायच्या. लाखो लोक बरे झाले त्यावर. पण, डॉक्टर म्हणाले, ते सगळं ज्यांचे राखणदार जागे आहेत अशा माणसांवर बघितलेलं. तुझ्यासारख्यांना तीनदा पुरतं की नाही हे आम्हाला माहीत नाही. मी विचारलं, तुम्हाला काय वाटतं? ते म्हणाले, मला जे वाटतं ते बरोबर आहे का हेच बघायचंय.

तीन गट होते. एका गटाला सहाही महिने रोज. दुसऱ्याला पहिले दोन महिने रोज आणि नंतरचे चार महिने आठवड्यातून तीनदा. तिसऱ्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत तीनदाच. कुठला गट ते डॉक्टर ठरवणार नाहीत, मी पण नाही, ज्याच्या नशिबी जी चिठ्ठी येईल ती.

आता फॉर्म. मी तिथं अठरा वर्षं राहिलेलो, तमिळ घडाघडा बोलायचो पण वाचता येत नव्हतं, आजही दुकानांच्या पाट्यांपलीकडं येत नाही. फॉर्म तमिळमध्ये आणि इंग्रजीत. मराठीत कुठून असणार मदुराईला! मला सांगितलं घरी न्या, कुणाकडून वाचून घ्या, विचार करा, मग या. पण वाचून कुणाकडून घेणार? खोलीतल्या पोरांपैकी दोघांना तमिळ वाचता यायचं, पण त्या कागदावर पहिल्याच ओळीत एचआयव्ही लिहिलेलं. तो कागद मी चार दिवस बनियनच्या आत पोटाशी ठेवून भट्टीवर काम केलं, घामानं त्याच्या घड्या फाटायला आल्या. शेवटी तसाच परत घेऊन गेलो आणि खरं ते सांगितलं. मग त्यांनी दुसऱ्या विभागातल्या एका बाईंना बोलावलं, ज्यांचा या अभ्यासाशी काही संबंध नव्हता, त्यांनी ओळ न ओळ वाचून दाखवली, मी थांबवून विचारायचो, त्या समजावून सांगायच्या, दीड तास गेला, आणि शेवटी माझ्या सहीशेजारी साक्षीदार म्हणून त्यांनी सही केली. त्यातली दोन वाक्यं मी पाठ केली होती. एक, कधीही सोडून जाता येईल आणि सोडलं तरी उपचार थांबणार नाही. दोन, तुमचं नाव कुठंही छापलं जाणार नाही, नंबर असेल.

मी एक प्रश्न विचारला होता तो सगळ्यांनी विचारावा असा आहे. मी अभ्यासात नाही आलो तर मला काय मिळेल? उत्तर आलं, सरकारी टीबी केंद्रात आठवड्यातून तीनदा, कारण सध्या देशात सगळ्यांना तेच आहे. म्हणजे तिसरी चिठ्ठी आली तरी बाहेरच्यापेक्षा कमी काही मिळणार नव्हतं, वर दर महिन्याला थुंकी, रक्त, लिव्हरची तपासणी, एक्सरे, जे बाहेर इतक्या वेळा कुणी करत नाही. मी सही केली.

पाकीट उघडलं. तिसरा गट. सोमवार, बुधवार, शुक्रवार.

पहिल्या दिवशी सिस्टरनं विचारलं, सापट्टाच्चा? म्हणजे जेवलास का. पुढचे सहा महिने हाच प्रश्न, आजही मला त्या एका शब्दानं ती खोली आठवते. एका छोट्या प्लास्टिकच्या वाटीत सात गोळ्या, एक लालसर, बाकी पांढऱ्या, स्टीलच्या ग्लासात पाणी, आणि सिस्टर समोर उभी राहणार, शेवटची गोळी गिळून तोंड उघडून दाखवेपर्यंत हलणार नाही. तासाभरात पोटात ढवळायला लागायचं. संध्याकाळी लघवी शेंदरी, पहिल्यांदा बघितली तेव्हा रक्तच वाटलं, तरी आधी सांगून ठेवलेलं होतं. घामाचे डाग पण बनियनला तसेच पडायचे, खोलीतल्या पोरांना मी काविळीची औषधं चालू आहेत म्हणून सांगितलं होतं.

पण माझी खरी भीती वेगळीच होती. चार औषधांमधलं इथाम्ब्युटॉल काहीजणांच्या डोळ्यांवर परिणाम करतं, लाल आणि हिरवा हे रंग नीट कळेनासे होतात, लगेच गोळी थांबवली तर बहुतेक वेळा परत सुधारतात, म्हणून अधूनमधून डोळे तपासायचे. ठिपक्याठिपक्यांची चित्रं असतात, त्यातला आकडा वाचायचा. कारकुनाला किंवा ड्रायव्हरलाही याची भीती वाटणारच, पण मी सोन्याचा कस बघून पोट भरणारा माणूस. कसोटीच्या काळ्या दगडावर दागिना घासायचा, शेजारी ठरलेल्या कॅरेटच्या काडीची रेघ ओढायची, वरून तेजाबाचा थेंब सोडायचा आणि दोन रेघांचा रंग बघून सांगायचं बावीस आहे का वीस. त्या रेघेत तांबडेपणा जास्त म्हणजे तांबं जास्त, हिरवट झाक म्हणजे चांदी. लाल आणि हिरवा. बरोबर तेच दोन.

इथाम्ब्युटॉलच्या त्या पहिल्या दोन महिन्यांत मी रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी दगड घेऊन दारात बसायचो, उजेड पूर्वेकडून येतो तिथं. बावीसची काडी, अठराची काडी, चौदाची काडी, तिन्ही रेघा शेजारी शेजारी. मग डोळे मिटून दगड फिरवायचा, परत उघडून ओळखायचं. मामांनी एकदा बघितलं, काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः एक रेघ ओढली आणि विचारलं, सांग. मी म्हटलं एकोणीसच्या आसपास. ते म्हणाले बरोबर, आणि आत गेले. त्यांना सगळं कळलं होतं हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी मला खोलीतून काढलं नाही, ताट वेगळं केलं नाही, फक्त तेजाबाच्या कामावरून काढून वजनकाट्यावर बसवलं. एवढ्यासाठी मी त्या माणसाचा जन्मभर ऋणी आहे.

पंधरवड्यानं एचआयव्हीची औषधं, एआरटी सुरू झाली. दोन्ही एकदम का नाही सुरू करत तर एकदम इतक्या गोळ्या पोटाला पेलत नाहीत, रिॲक्शन आली तर कुठल्या गोळीनं ते कळत नाही, आणि दुसरं एक कारण आहे जे मी अंगावर भोगलं. एआरटीच्या तिसऱ्या आठवड्यात परत ताप, मानेला उजव्या बाजूला सुपारीएवढी गाठ आली, आठ दिवसांत लिंबाएवढी झाली. मला वाटलं संपलं, गोळ्या लागू नाहीत. डॉक्टरांनी थुंकी बघितली, एक्सरे बघितला आणि सांगितलं की टीबी वाढला नाही, तुझे राखणदार जागे झालेत आणि आधीपासून आत बसलेल्या जंतूंशी आत्ता कुठं भांडायला लागलेत, ही गाठ म्हणजे ते भांडण. दोन्ही औषधं चालूच ठेवायची. महिनाभरात गाठ बसली. हे आधी सांगून ठेवलेलं नसतं तर मी त्याच आठवड्यात सगळं बंद करून गावी गेलो असतो, असे कितीतरी लोक जात असतील.

एफाविरेन्झ म्हणून रात्रीची एक गोळी होती तिनं अशी स्वप्नं पडायची की विचारू नका, खरीखुरी, रंगीत, मेलेली आज्जी चुलीपुढं बसून भाकरी थापतीय आणि तिच्या बांगड्यांचा आवाज सुद्धा ऐकू येतोय. दोन महिन्यांनी ती कमी झाली. 

दवाखान्यात गोळ्यांसाठी ज्या बाकड्यावर थांबायचो तिथं आमची पाचसहा जणांची ओळख झाली होती. त्यात एक साडी विणणारा माणूस होता, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, मी त्याला अण्णे म्हणायचो, म्हणजे थोरला भाऊ. त्याचीही तिसरीच चिठ्ठी, सोमवार बुधवार शुक्रवार, म्हणून आमची गाठ नेहमी पडायची. तो शहराच्या बाहेरून दोन बस बदलून यायचा, एक दिवस चुकवला नाही. एप्रिल-मे मध्ये तिथं चिथिरैचा उत्सव असतो, मीनाक्षीचं लग्न, रथ, वैगै नदीत उतरणारा अळगर देव, लाखो माणसं, सगळे रस्ते बंद. त्या आठवड्यात बस अलीकडंच थांबल्या तर तो माणूस गर्दीतून तासभर चालत आला आणि सिस्टरला म्हणाला, सापट्टाच्च. ती विचारायच्या आधीच. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण टीबी परत आला की पहिला संशय पेशंटवर घेतात, गोळ्या चुकवल्या असतील म्हणतात.

दोन महिने झाल्यावर सातच्या तीन गोळ्या झाल्या, इथाम्ब्युटॉल बंद, माझे डोळे शाबूत. थुंकी निगेटिव्ह. वजन ५१. थुंकी फक्त काचेवर बघत नाहीत, बाटलीतल्या हिरवट थरावर जंतू वाढतात का ते आठआठ आठवडे बघत बसतात, त्यामुळं मार्चच्या थुंकीचा शेवटचा निकाल मे मध्ये कळायचा.

चौथ्या महिन्यात वडील गेले. फोन मंगळवारी रात्री आला. बुधवारचा डोस. मी सकाळी सात वाजता जाऊन दवाखान्याच्या दारात बसलो, सिस्टर आली, डोस घेतला, डॉक्टरांनी पुढच्या दोन आठवड्यांच्या गोळ्या तारखा लिहून पाकिटात दिल्या आणि सांगितलं रिकामी पाकिटं परत आणायची. बंगळूरला गाडी बदलून मिरजेला उतरलो तोवर सगळं झालं होतं, मला तोंड बघायला मिळालं नाही. बायकोला तोवर मी काही सांगितलेलं नव्हतं, फोनवर काविळीचंच सांगितलं होतं, ही माझी चूक, तिची तपासणी चार महिने आधी व्हायला पाहिजे होती. शुक्रवारी सकाळी घर माणसांनी भरलेलं, सुतक, मी गोठ्यामागं जाऊन गोळ्या काढल्या आणि वळून बघितलं तर ती पाण्याचा तांब्या घेऊन उभी. तिनं पाकीट हातात घेतलं, ती बारावी शिकलेली आहे, नाव वाचलं. म्हणाली, अहो, ही काविळीची नाहीत. मी तिथंच खाली बसलो आणि सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली आधी गोळ्या घ्या, माणसं वाट बघतायत. दहाव्यानंतर आम्ही दोघं सांगलीला जाऊन आलो, तिची तपासणी निगेटिव्ह आली, पोरीची पण. त्या दिवशी सांगलीच्या स्टँडवर आम्ही दोघं रडलो, लोक बघत होते.

परत गेलो ते रिकामी पाकिटं घेऊनच. आणि बाकड्यावर अण्णे दिसला नाही. पुढच्या बुधवारी आला, मास्क लावून, लांब बसला. त्याची थुंकी पाचव्या महिन्यात परत पॉझिटिव्ह आली होती, आणि रिफाम्पिसिन, म्हणजे त्या गोळ्यांमधली मुख्य गोळी, तीच जंतूंवर चालेनाशी झाली होती. सुरुवातीला चालत होती, उपचार चालू असतानाच जंतू शहाणे झाले. आता त्याला दुसरा उपचार, दोन वर्षांचा, त्यात पहिले काही महिने रोज इंजेक्शन. मी विचारलं अण्णे, एखादा डोस चुकला होता का, आणि विचारल्याबरोबर मला लाज वाटली. तो म्हणाला, नाही रे. त्यानंतर त्याची माझी दोनदाच भेट झाली. 

माझे सहा महिने सप्टेंबर २०१२ मध्ये संपले. बरा झालो. औषधं संपल्यावरही कितीतरी महिने थुंकी आणि एक्सरेला बोलवत राहिले, मी जात राहिलो. एआरटी आजही चालू आहे, सीडी फोर सहाशेच्या पुढं आहे, व्हायरस तपासणीत सापडत नाही इतका कमी.

निकाल मला २०१८ मध्ये कळला. भाचा विट्याला डी फार्म करत होता, त्याला मी एवढंच सांगितलं होतं की मदुराईला असा एक अभ्यास झाला होता त्याचं काय झालं बघ, त्यानं मोबाईलवर शोधून काढला आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत अंगणात बसून वाचून दाखवला. एकूण ३३१ माणसं. रोजच्या गटात शंभरातली ९१ बरी झाली. दोन महिने रोज आणि मग तीनदा, त्यात ८०. माझ्या गटात ७७. आणि उपचार चालू असताना रिफाम्पिसिन चालेनासं झालं अशी माणसं रोजच्या गटात एकही नाही, माझ्या गटात चार.

भाचा म्हणाला, मामा, ९१ आणि ७७ म्हणजे फार फरक नाही असं वाटतं ना? मी त्याला म्हटलं शंभरात चौदा. आमच्या धंद्यात शंभर ग्रॅममध्ये चौदा ग्रॅमची खोट निघाली तर माणूस गावात तोंड दाखवत नाही. आणि ही चौदा माणसं आहेत. मग त्यानं मला समजेल असं सांगितलं, की एक दिवस मध्ये गेला की रक्तातलं औषध उतरतं, धडधाकट माणसात तेवढ्या वेळात शरीर जंतूंना दाबून ठेवतं, एचआयव्हीवाल्यात ते दाबायला कुणी नसतं, शिवाय एड्समध्ये आतडी औषध नीट ओढून घेत नाहीत, मग उरलेले जंतू त्या मोकळ्या दिवशी वाढतात आणि हळूहळू औषध ओळखायला शिकतात.

त्यानं अजून एक गोष्ट वाचली ती मला अजून टोचते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० मध्येच म्हटलं होतं की एचआयव्हीवाल्यांना निदान पहिले दोन महिने तरी रोज द्या. मी २०१२ ला सही केली. यावर मी फार विचार केलाय. देशात तेव्हा सगळीकडं तीनदाच चालू होतं, अभ्यासाबाहेर राहिलो असतो तरी मला तेच मिळालं असतं, आणि समोरासमोर मोजून दाखवल्याशिवाय एवढा मोठा कार्यक्रम बदलत नाही हे मला पटतं. २०१७ मध्ये देशभर रोजच्या गोळ्या सुरू झाल्या, आता एकाच गोळीत तीनतीन चारचार औषधं असतात. पण ते वाक्य मला कुणी त्या दीड तासात वाचून दाखवलेलं आठवत नाही. दाखवलं असतं तर मी कदाचित तरीही सही केली असती. पण मला ते माहीत असायला पाहिजे होतं. त्या पुण्याच्या पोराला मी हेच सांगितलं, त्यांना विचार, या औषधाबद्दल आत्तापर्यंत बाहेर काय काय माहीत आहे, सगळं सांगा.

भाच्यानं कागद मिटला तेव्हा मी त्याला विचारलं, त्या चौघांची नावं आहेत का. तो म्हणाला, नावं नसतात मामा, नंबर पण नसतात, फक्त चार. मदुराई, चेन्नई, वेल्लोर, तिन्हीकडचे मिळून चार. अण्णे त्यातला एक होता हे मला माहीत आहे. तो मोठ्या आवाजात हसायचा, हातमागाच्या दोऱ्यांनी त्याच्या बोटांना घट्टे पडलेले, आणि त्याचा दुसरा उपचार पूर्ण झाला का नाही हे मला कळलं नाही, मी दोनदा त्या बाजूला जाऊन चौकशी केली, घराला कुलूप.

पुण्याच्या पोराचा फॉर्म मराठीत आहे, अठरा पानांचा. त्यानं अजून सही केलेली नाही. मी त्याला म्हटलं घाई करू नको, रोज रात्री फोन कर आणि थोडा थोडा मला वाचून दाखव, जिथं अडेल तिथं खूण कर, सकाळी जाऊन विचार. काल सहावं पान झालं. त्यात लिवरबद्दल एक ओळ आहे ती त्याला पण कळली नाही आणि मला पण नाही, तिथं खूण केलीय.